विश्लेषण : साठीनंतर तंबूत मुक्काम जमतो का? भंडारदऱ्याची रात्र सुखाची करण्यासाठी काय बदलावे?

दिवाळी उलटली की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू दिसू लागतात. शनिवारी दुपारी शेंडी गावात मुंबई, पुणे, नाशिककडच्या गाड्यांची रांग लागते. उतरणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, तसे त्यांचे आई-वडील आणि आजी-आजोबाही असतात. यातल्या अनेकांनी तिशीत हरिश्चंद्रगडाच्या गुहेत एका चादरीवर रात्र काढलेली असते. आता नातवंडांच्या आग्रहाने ते पुन्हा तंबूत झोपतात आणि सकाळी कंबर धरून बाहेर येतात. ‘आता आपल्याला नाही जमायचे,’ असे म्हणून पुढच्या वेळी घरीच थांबतात.

खरे तर अडचण साऱ्या मुक्कामाची नसते. ती जमिनीवरून उठण्याची, खालून लागणाऱ्या थंडीची, रात्री अंधारात शौचालय गाठण्याची आणि वेळेवरच्या औषधांची असते. या चार गोष्टी सोडवल्या तर सत्तरीतही तळ्याकाठी रात्र काढता येते. त्या कशा सोडवायच्या, याचा हा आढावा.

वय वाढल्यावर तंबूतील रात्र जड का जाते?

वयाबरोबर स्नायूंची ताकद कमी होते आणि सांधे आखडतात. पलंगावरून उठणे आणि जमिनीवरून उठणे यांत मोठा फरक पडतो. जमिनीवरून उठताना गुडघे पूर्ण वाकवून सगळे वजन मांड्यांवर तोलावे लागते. बुटक्या तंबूत तर रांगतच बाहेर यावे लागते.

दुसरे कारण थंडीचे. थंडी वाजली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर आतली ऊब राखते. उतारवयात ही यंत्रणा मंदावते. थंडी वाजते आहे हे उशिरा कळते आणि अंग पुन्हा गरम व्हायलाही वेळ लागतो. थंडीत रक्तदाबही वाढू शकतो.

तिसरे कारण झोपेचे. वाढत्या वयात झोप सावध होते आणि रात्री एक-दोनदा लघवीला उठावे लागते. घरात पायाखालची वाट असते. तळावर मात्र अंधार, दगड, ओले गवत आणि तंबूचे ताणलेले दोर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर सहलच नव्हे, पुढचे कित्येक महिने बदलून जातात. म्हणून ज्येष्ठांच्या तळावरील सोयींकडे चोचले म्हणून पाहू नये.

मुक्काम नेमका कुठे करावा?

प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्यामागचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. काठच्या गावांपर्यंत गाडीरस्ता जातो आणि अनेक तळांवर गाडी तंबूपासून हाकेच्या अंतरावर उभी करता येते. ज्येष्ठांसाठी ही सर्वांत मोठी सोय. गाडी जवळ असली की जाड गादी, खाट, खुर्ची, कमोड असे काहीही नेता येते. शिवाय रात्री अचानक पाऊस, वारा किंवा तब्येतीचा त्रास सुरू झाला, तर गाडीच आसरा होते.

रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर गावातच आहे, त्यासाठी चढण नाही. सामरदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत थोडे चालावे लागते, पण आतली वाट मोठमोठ्या दगडांवरून उतरणारी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तोंडाशीच थांबून दरी पाहावी. घाटघरच्या कड्यावरून कोकण दिसते, पण तेथे वारा जोराचा असतो. तिकडे दिवसा जाऊन यावे आणि मुक्काम जलाशयाच्या आडोशाच्या बाजूला करावा.

हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई यांचा हिशेब वेगळा. गड सुमारे १,४२४ मीटर उंच, तर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर. उंची दर शंभर मीटरने वाढली की तापमान साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने उतरते. जलाशयाकाठी दहा अंश असतील, तर गडावर पाच-सहा असू शकतात आणि वर वारा असतो तो वेगळाच. सवय आणि डॉक्टरांची संमती असेल, तर पाचनईहून सकाळी चढून दुपारी उतरावे आणि रात्र पायथ्याच्या गावात काढावी. मध्यरात्री गडावर छातीत दुखू लागले, तर झोळी करून खाली आणण्यात काही तास जातात.

कोणता महिना योग्य?

जून ते सप्टेंबर तंबू विसरावा. घाटघर आणि रतनवाडीचा पट्टा जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा आहे. चिखल, निसरडे दगड आणि जळवा यांमुळे तोल सांभाळणे अवघड होते. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजवे पाहण्यासाठी गर्दी होते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवरचा तो लखलखाट पाहण्याजोगा असतो. मात्र याच दिवसांत वळवाचा पाऊस विजांसह येतो. विजा कडाडू लागल्यावर तंबूत थांबू नये, पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जावे. काजव्यांसाठी जाणाऱ्या ज्येष्ठांनी मुक्काम घरातच ठेवलेला बरा.

पहिल्या तंबूमुक्कामासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दिवस चांगले. डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो आणि दव इतके पडते की तंबूचे कापड पहाटे निथळते. ३१ डिसेंबरची रात्र तर टाळावीच. त्या गर्दीत शांतता मिळत नाही आणि अडचणीच्या वेळी अरुंद रस्त्यावर गाडी काढणेही कठीण होते.

जमिनीवर झोपावे की खाटेवर?

सर्वाधिक फरक पाडणारा बदल एकच, तो म्हणजे खाट. बसल्यावर पाय जमिनीवर सपाट टेकावेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाऊ नयेत, इतकी तिची उंची हवी. बहुतेकांना ४० ते ४५ सेंटिमीटर उंची सोयीची पडते. घडीच्या काही खाटा जेमतेम वीतभर उंच असतात. त्या पाठीला चालतील, पण त्यांवरून उठताना जमिनीवरून उठल्याइतकाच त्रास होतो. विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी हात न टेकवता उठून पाहावे.

नवी खाट घ्यायलाच हवी असे नाही. नगर जिल्ह्यातील खेड्यांत अजून बाज असते. तळ चालवणारे बहुतेक जण जवळच्याच गावचे असतात, त्यामुळे आधी सांगून ठेवले तर बाजेची सोय होऊ शकते. मोठ्या तंबूत बाज मावते. पायांनी तळाचे कापड फाटू नये म्हणून प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा ठेवावा.

खाटेचा आणखी एक उपयोग जिवाशी निगडित आहे. मण्यार हा अतिविषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना दंश करण्याच्या घटना खेड्यापाड्यांत घडतात. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळायला त्रास होणे ही लक्षणे दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे प्रतिसर्पविषाने उपचार होतात. धोका पावसाळ्यात जास्त असतो, तरी काळजी बाराही महिने घ्यावी. खाटेवर झोपणे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे, तंबूची चेन कायम लावलेली ठेवणे आणि बूट झटकून घालणे, एवढी सवय पुरेशी आहे.

पांघरूण जाड असूनही थंडी का वाजते?

कारण ऊब वरून जाते तशी खालूनही जाते. अंगाखाली दबलेल्या गादीतील आणि पांघरुणातील हवा निघून जाते, मग ते ऊब धरत नाही. हवा भरायच्या साध्या गादीत आतली हवा खेळती राहते आणि अंगातली उष्णता जमिनीकडे जात राहते. म्हणून फुगवलेल्या जाड गादीवरही पहाटे पाठ गार पडते. खाट घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण आता खालून वाराच लागतो.

उपाय स्वस्त आहे. गादीवर फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी अंथरावी. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरून ठेवते. धनगरांच्या वाड्यांनी उघड्या माळावर हिवाळे काढले ते याच घोंगडीच्या जोरावर. बाजारातील चटयांवर ‘आर-व्हॅल्यू’ लिहिलेली असते. आकडा जितका मोठा, तितकी ती थंडी अधिक अडवते. एकावर एक दोन चटया घातल्या, तर दोन्ही आकड्यांची बेरीज होते. भंडारदऱ्याच्या हिवाळ्यासाठी एकूण तीन-चार असले तरी चालते.

स्लीपिंग बॅगवर बहुधा दोन तापमाने असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. ज्येष्ठांनी ‘कम्फर्ट’चाच आकडा पाहावा आणि अपेक्षित थंडीपेक्षा चार-पाच अंश कमी तापमानाची बॅग घ्यावी. अरुंद बॅगेत पाय हलत नाहीत आणि चेन उघडताना बोटांना त्रास होतो. त्यापेक्षा रुंद, पूर्ण उघडणारी बॅग किंवा घरची रजई बरी. झोपताना कोरडे मोजे आणि कानटोपी घालावी. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र ती अंगाला लावू नये, भाजलेले कळत नाही.

तंबू आणि खुर्ची निवडताना काय पाहावे?

तळांवर सहसा मिळणारा घुमटाकार तंबू मधोमध जेमतेम कमरेच्या थोडा वर येतो. त्यात खाट मावत नाही आणि उभ्याने कपडे बदलता येत नाहीत. आधीच फोन करून उभे राहता येईल असा मोठा तंबू आहे का, हे विचारावे. ‘चार जणांचा’ म्हणजे चार जण अंगाला अंग लावून झोपतील असा, हे लक्षात ठेवावे. दोन ज्येष्ठांना तोच पुरतो. उंबऱ्याशी कापडाची उंच पट्टी असते, तिला अडखळून पडण्याचा धोका असतो.

जागा सपाट, पाण्यापासून थोडी वर आणि मागे आडोसा असलेली हवी. थंड हवा जड असल्याने खोलगट भागात साचते. म्हणून अगदी काठावरच्या तंबूपेक्षा थोड्या उंचावरच्या खाचरातला तंबू उबदार असतो. वाळलेल्या फांद्यांखाली तंबू नको.

कॅम्पिंगच्या बुटक्या, खोलगट खुर्च्या फोटोत छान दिसतात. त्यांत बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उठवायला दोघे लागतात. हात टेकायला घट्ट दांडे असलेली, नेहमीच्या उंचीची साधी प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्यापेक्षा उत्तम. वाळूत किंवा मऊ मातीत पाय रुतू नयेत म्हणून तिच्याखाली फळी टाकावी.

रात्रीच्या शौचालयाचे काय?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. त्यामुळे संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करतात. हे घातक आहे. पाणी कमी पडल्याने चक्कर येते, बद्धकोष्ठता वाढते आणि काही औषधांचा त्रासही वाढतो. दिवसभर पुरेसे पाणी प्यावे, झोपण्यापूर्वीचे दोन तास कमी घ्यावे आणि चहा संध्याकाळीच आटोपावा. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलायची असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

आरक्षण करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात. शौचालय तंबूपासून किती पावलांवर आहे? कमोड आहे की भारतीय पद्धतीचे? रात्रभर दिवा आणि पाणी असते का? कमोड नसेल तर औषधांच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, ती गाडीच्या डिकीत बसते. मोठ्या तंबूच्या कोपऱ्यात किंवा शेजारी छोट्या आडोशात ती ठेवली, की रात्रीची पायपीट वाचते. पुरुषांसाठी झाकणाचे लघवीचे भांडे पुरते.

उठताना घाई नको. आधी खाटेच्या कडेवर मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे अधिक जाणवते. डोक्याला बांधायचा दिवा उशाशीच ठेवावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तंबूच्या दोरांना संध्याकाळीच पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. काठी वापरत नसाल, तरी रात्री ती हाती असावी.

तंबूत शेगडी चालेल का?

नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. कोळशाची शेगडी, विझत आलेले निखारे किंवा गॅसचा हीटर बंद तंबूत ठेवला, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेतला माणूस जागा होत नाही. ‘आजीला थंडी वाजते म्हणून थोडा वेळ’ आत ठेवलेली शेगडीही जीव घेऊ शकते. चेन अर्धी उघडी ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. दारू प्यायल्याने ऊब येते हाही गैरसमज आहे. त्वचेकडे रक्त धावल्याने गरम वाटते, प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते आणि तोलही जातो.

शेकोटीबाबत नियम पाळावेत. हा बराचसा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. कुठे तंबू चालतो, कुठे नाही, याच्या सूचना हंगामानुसार बदलतात. त्या वन विभागाच्या तपासणी नाक्यावर विचारून घ्याव्यात. वाळलेल्या गवतातील एक ठिणगी डोंगर पेटवते आणि त्याची झळ तळ चालवणाऱ्या गावालाच बसते.

औषधे आणि दवाखान्याची तयारी कशी असावी?

औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, एक संच जवळ आणि एक गाडीत. एक दिवसाची जास्तीची मात्रा असावी. औषधांची नावे, आजार आणि घरच्यांचा फोन क्रमांक कागदावर मराठीत लिहून खिशात ठेवावा, कारण फोन बंद पडू शकतो. वापरात असलेले इन्सुलिन बर्फाला टेकवून ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. तंबूच्या जेवणाला बऱ्याचदा उशीर होतो. मधुमेहींनी आपली भाकरी वेळेवर मागून घ्यावी आणि उशाशी साखर किंवा गूळ ठेवावा. झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी रात्रभर वीज असते का, हे विचारून पर्यायी बॅटरीची एक रात्र घरी चाचणी घ्यावी.

राजूर आणि अकोले येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. घाटघर, सामरदच्या बाजूला मोबाइलची रेंज तुटते. म्हणून पोहोचताच रेंज कुठे मिळते, गाडी कुणाकडे आहे आणि रात्री रस्ता कोण दाखवेल, हे तळवाल्याला विचारावे. गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवावे. अलीकडेच हृदयविकाराचा त्रास झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

एवढे सामान कोण वाहणार?

याचे उत्तर महाराष्ट्राला जुने ठाऊक आहे. आषाढी वारीत साठी-सत्तरीतले हजारो वारकरी रोज मैलोगणती चालतात आणि रात्री राहुट्यांत झोपतात. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर जिल्ह्यातूनच पुढे पंढरपूरला जाते. दिंडीत माणूस पायी चालतो, पण तंबू, अंथरूण आणि भांडी ट्रकमधून पुढे जातात. मुक्कामी पोहोचेपर्यंत राहुटी उभी असते आणि चूल पेटलेली असते. म्हातारा वारकरी तंबू ठोकत बसत नाही, म्हणून त्याला कोणी कमी लेखत नाही.

घरच्या सहलीतही हीच वाटणी करावी. जड सामान तरुणांनी किंवा तळवाल्याने उचलावे. स्थानिक मुलांना त्याची रीतसर मजुरी द्यावी, आदिवासी गावांतील अनेक घरांचे हंगामी उत्पन्न त्यावर आहे. आजी-आजोबांकडे मात्र काहीतरी काम ठेवावे. भाजी निवडणे, चहा करणे, नातवंडांना तारे दाखवणे, काहीही चालेल. नुसते खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाला आपण ओझे झालो असे वाटते.

तंबू अजिबात झेपत नसेल तर?

तरी घरी राहण्याचे कारण नाही. शेंडी, रतनवाडी परिसरात घरगुती निवासाची सोय होते. भंडारदऱ्यात पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही आहे. बाकीचे तंबूत आणि ज्येष्ठ जवळच्या खोलीत, अशी विभागणी करता येते. संध्याकाळ तळ्याकाठी, पिठले-भाकरी सगळ्यांसोबत आणि झोप पलंगावर. सकाळी उजाडताच पुन्हा पाण्याकाठी चहाला यावे. मुक्कामातला मोठा आनंद याच वेळांत असतो.

सुरुवात कशी करावी?

पहिली रात्र घराच्या गच्चीवर किंवा अंगणात काढावी. तीच खाट, तीच चटई आणि तोच दिवा वापरावा. कुठे टोचते, पहाटे कुठे थंडी लागते, उठताना कशाचा आधार शोधावा लागतो, हे एका रात्रीत कळते. चुकले तर आपले अंथरूण दहा पावलांवर असते. त्यानंतर एकाच रात्रीचा मुक्काम ठरवावा, शक्यतो पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे रात्री वाट दिसते. दिवसाउजेडी पोहोचून शौचालयापर्यंतची वाट दोनदा चालून पाहावी.

आणि निघण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांना एक प्रश्न विचारावा, ‘तुम्हाला झेपेल का?’ ऐवजी ‘तुम्हाला काय लागेल?’ पहिल्या प्रश्नावर ते बहुधा नाही म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर बरेचदा एक खाट, एक घोंगडी आणि रात्री हाक मारली तर ओ देणारे कोणीतरी, एवढेच असते.